रांजणातली तेरोल्देगो

हे ओळीने उभे आहेत ते रांजण. पक्क्या भाजलेल्या मातीचे, आणि एकेकात ४०० लिटरच्या वर वाईन मावते. उत्तर इटलीत त्रेंतिनो भागात मेझोलोम्बार्दो नावाचं गाव आहे, तिथल्या फोरादोरी कुटुंबाचं हे तळघर. इटलीतलं तळघर म्हटलं की लाकडी पिंपं असणारच, इथेही आहेत, पण ज्या वाईनसाठी आज लोक या घराचं नाव घेतात ती लाल तेरोल्देगो या मातीत मुरते.

आता जरा बाहेर या. चारी बाजूंनी सरळ उभे कडे आणि मध्ये हे सपाट मैदान, काम्पो रोतालियानो. वरून येणाऱ्या नोचे नदीने शतकानुशतकं दगडगोटे, वाळू आणून इथे पसरली, आणि त्या गोट्यांतच हे द्राक्ष वाढतं, तेरोल्देगो. काळं, रसाळ, आणि खरं म्हणजे याच मैदानाचं. डोक्यावरचा हा वेल बघा, इथे याला पेर्गोला म्हणतात, नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला सांगायला नको, हा मांडवच आहे.

हे घर आज ज्या एलिसाबेट्टा फोरादोरीमुळे ओळखलं जातं, तिच्या आजोबांनी १९३९ मध्ये ही मालमत्ता घेतली. वडील १९७६ मध्ये गेले, तेव्हा एलिसाबेट्टा शाळेत होती. आईने सगळं धरून ठेवलं, आणि मुलगी जवळच्याच सान मिकेलेच्या कृषी संस्थेत शिकून १९८४ मध्ये, विशीत, कामाला लागली.

तिने सगळ्यात आधी हात घातला तो वेलींना. त्या काळात नर्सरीतून जी तेरोल्देगोची कलमं यायची ती भरघोस माल देणारी, घड मोठे, पाणी जास्त, चव पातळ. तर ती जुन्या बागांमधून फिरली, लहान सुटे घड धरणारे वेल शोधले, त्यांच्या काड्या घेतल्या आणि हळूहळू आपल्या जमिनीत वेगवेगळ्या जातकुळीचे तेरोल्देगो एकत्र लावले. एकच क्लोन, म्हणजे एकाच वेलीपासून केलेली कलमं, सगळ्या शेतभर लावणं सोपं असतं हो, पण मग सगळी बाग एकाच सुरात बोलते. मला विचाराल तर खरा बदल इथेच सुरू झाला, रांजण खूप नंतर आले.

१९८६ मध्ये ग्रानातो ही त्यांची मोठी वाईन पहिल्यांदा निघाली. गडद, दाट, ओक लाकडाच्या छोट्या नव्या पिंपांत ठेवलेली. नव्वदच्या दशकात जगभर अशाच वाईनला मागणी होती आणि नावही झालं, खूप झालं. तिथेच थांबता आलं असतं. पण नव्या ओकचा वास एवढा वर येतो की खालचे गोटे, ती थंड रात्र, ते द्राक्ष स्वतः, काही ऐकूच येत नाही. तिला हेच खुपत होतं. २००२ पासून शेती बायोडायनॅमिक केली, म्हणजे सेंद्रियच, पण स्वतःचे खास विधी असलेली. हे गाईचं शिंग दिसतंय ना, यात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरतात, मग काढून पाण्यात ढवळून शेतावर शिंपडतात. रासायनिक खत, तणनाशक बंद.

आणि मग हे रांजण. स्पेनमधल्या व्हियारोब्लेदो गावात हुआन पादिया हे हाताने घडवतात, मातीचा एकेक थर चढवत, खालचा सुकला की वरचा. इथल्या तळघरात ते २००८-०९ च्या सुमारास आले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी, देठ काढायचे, दाणे सालीसकट रांजणात. बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, सालीवर जे असतं तेच काम करतं. आंबायला लागलं की साली वर तरंगतात, त्या हाताने खाली दाबायच्या. हे दाबणं बघत बसावं असं आहे. जोर संपला की साली आपोआप खाली बसतात, मग वर झाकण, आणि तसंच सोडायचं, सालींवर, साधारण आठ महिने. भाजलेल्या मातीतून थोडी हवा आत जात राहते, लाकडातूनही जाते पण लाकूड स्वतःची चव देतं, माती देत नाही. फरक एवढाच आहे आणि सगळा फरक हाच आहे. स्गार्झोन आणि मोरेई या दोन तेरोल्देगो अशाच होतात, एकाच द्राक्षाच्या, एकाच पद्धतीने, फक्त शेत वेगळं, एक रेताड, एक गोट्यांचं, आणि चव साफ वेगळी. नोझिओला या पांढऱ्या द्राक्षाची वाईन पण सालींवरच ठेवतात, म्हणून तिचा रंग असा सोनेरी दिसतोय.

बाटलीवर आता 'तेरोल्देगो रोतालियानो' हे १९७१ चं सरकारमान्य नाव नसतं, 'विन्येती देल्ले दोलोमिती' असं मोठ्या भागाचं, सैल नियमांचं नाव असतं, आणि आधीच्या, नव्या ओकच्या चवीची सवय असलेल्याला ही वाईन लगेच आवडेलच असं नाही.

ग्रानातो अजून करतात, पण छोट्या नव्या पिंपांऐवजी मोठ्या पिंपांत. तळघर आता मोठा मुलगा एमिलियो बघतो, धाकटा थेओ विक्री आणि बाहेरचं, मुलगी मिर्ता भाजीपाला. या करड्या डोंगरी गाईही घरच्याच, त्यांचं शेण शेताला आणि दूध चीजला. एलिसाबेट्टा स्वतः आता जास्त वेळ या चीजच्या कामात असते.