जंगलात पैसा कुणी घालायचा: सरकारने की कंपन्यांनी?

नमस्कार. आज एका गणितापासून सुरुवात करतो, कारण अख्खा वाद त्यातच दडलाय.

समजा तुम्ही जमीन घेऊन झाडं लावलीत आणि तुम्हाला वर्षाला ५ टक्के परतावा हवाय. झाड २५ वर्षांनी तोडणार असाल, तर घातलेल्या पैशाचे साधारण ३.४ पट व्हायला हवेत. पाईनमध्ये, निलगिरीत हे जमू शकतं. तेच झाड ८० वर्षं उभं ठेवायचं म्हटलं तर? जवळजवळ ५० पट.

[पडद्यावर: २५ वर्षे – ३.४ पट, ८० वर्षे – ५० पट]

आणि मधल्या काळात वणवा आहे, कीड आहे, वादळ आहे. म्हणून खासगी पैसा लवकर वाढणाऱ्या, एकाच जातीच्या झाडांकडे वळतो. मला यात कुणाची लबाडी दिसत नाही, चक्रवाढ व्याज दिसतं. मार्टिन फाउस्टमान या जर्मन वनतज्ज्ञाने १८४९ मध्येच वनजमिनीची किंमत काढायचं सूत्र याच हिशोबावर उभं केलं होतं.

मग सरकार? जगातलं ७० टक्क्यांहून जास्त जंगल सरकारी मालकीचं आहे. सरकारला ८० वर्षं थांबता येतं. पण सरकारी पैशाला रोपं फार आवडतात. रोपं मोजता येतात, त्यांचे फोटो निघतात. विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं), जाळरेषा (वणवा अडवायला मोकळे ठेवलेले पट्टे), वनरक्षकांचा पगार यांचे फोटो कोण काढतो? काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते.

आता न्यूझीलंडची गोष्ट सांगतो, ती जरा सावकाश ऐका.

तिथल्या पूर्व किनाऱ्यावरच्या डोंगरांचं मूळ जंगल मेंढ्यांच्या कुरणांसाठी कधीच साफ झालं होतं. १९८८ मध्ये बोला चक्रीवादळ आलं आणि उघडे डोंगर अक्षरशः घसरले. माती धरून ठेवायला झाडं हवीत, म्हणून सरकारने १९९२ पासून लागवडीला अनुदान दिलं. उभी राहिली ती मुख्यतः रेडियाटा पाईन. हे झाड साधारण २८ वर्षांत तोडणीला येतं. त्याच काळात सरकार वनव्यवसायातून अंग काढून घेत होतं: १९८७ मध्ये सरकारी वनसेवा बंद झाली, १९९० पासून सरकारी रोपवनांचे तोडणीहक्क विकले गेले.

पुढे त्या भागात तोडणी सुरू झाली. सगळा उतार एकदम मोकळा होतो. तोडलेल्या झाडाची मुळं जमिनीत कुजत जातात, नव्या रोपांची मुळं अजून धरलेली नसतात. त्या मधल्या काही वर्षांत डोंगराला आधारच नसतो. वर तुटक्या फांद्या आणि ओंडके तसेच पडलेले. २०१८ मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या टोलागा बे या गावी आणि २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात तो सगळा लाकूडफाटा नद्यांतून खाली आला. पूल, शेतं, किनारे त्याखाली गेले.

हिशोब लावून बघा. लावायला जनतेचा पैसाही होता. तोडणीचा नफा खासगी. आणि खाली राहणाऱ्यांच्या अंगणात ओंडके. मला याचा खरंच राग येतो, कारण माती वाचवण्यासाठीच तर ती झाडं लावली होती!

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लाकूड बाजारात विकलं जातं, त्यात खासगी पैसा खुशाल येऊ दे. पाणी, माती, पक्षी यांना गिऱ्हाईक नसतं, तिथे सरकारनेच गिऱ्हाईक व्हायला हवं. कोस्टा रिकाने हे करून दाखवलंय. १९९६ च्या वनकायद्याने तिथे नैसर्गिक जंगल मोडून जमीन दुसऱ्या कामाला लावायला बंदी आली, आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरच्या करातून मोबदला सुरू झाला. बंदी आणि पैसा, दोन्ही एकत्र. नुसती बंदी असती तर मालकाने जंगल ओझं समजून टाळलं असतं, असं मला वाटतं.

आणि तोडणीनंतरची जबाबदारी मालकावर टाकायची, तर स्वीडन हे त्याहून जुनं उदाहरण. तिथे १९०३ च्या कायद्याने तोडणीनंतर जंगल पुन्हा उभं करणं मालकावर बंधनकारक केलं, मग मालक एखादं कुटुंब असो वा मोठी कंपनी.

तुमच्या हाती कुठलीही वनयोजना किंवा रोपवनाचा करार लागला, तर किती लाख रोपं लावणार ते नंतर वाचा. आधी तोडणीनंतरचं पान उघडा. त्या वर्षांत उताराची जबाबदारी कुणाच्या नावावर आहे? सापडलं तर खाली कमेंटमध्ये लिहा. नाही सापडलं तर आवर्जून लिहा, पुढचा भाग त्यावरच करतोय.