काळ्या रानातला केवडा

[दृश्य : उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस), पोंग्याजवळची (शेंड्याच्या कोवळ्या सुरळीजवळची) पिवळी पानं]

सोलापूर, सांगली, अहिल्यानगर भागातल्या काळ्या रानात हे चित्र नवं नाही. पान जवळून बघा. शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे, काही ठिकाणी तर पांढरेफटक. याला केवडा म्हणतात, म्हणजे लोहाची कमतरता. बहुतेक वेळा यावर नत्राचं खत म्हणून युरिया टाकला जातो आणि पीक तसंच राहतं. नत्र कमी पडलं असतं, तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडली असती, कारण पीक त्यांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं. लोह मात्र एकदा पानात बसलं की फारसं हलत नाही. म्हणून ते कमी पडलं की कोवळं पान आधी बोलतं.

पण ही माती तर बेसाल्ट झिजून झालेली, लोहाने भरलेली! किलोभर मातीत ५० ग्रॅमच्या आसपास लोह सहज असतं. आणि प्रयोगशाळा पिकाला मिळू शकणारं लोह मोजते, तेव्हा कमतरतेची रेषा किलोला ४.५ मिलिग्रॅमवर असते. मधलं सगळं लोह गंजाच्या रूपात कुलूपबंद.

[दृश्य : ढेकूळ, त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब]

हा फेस चुनखडीचा. चुनखडीमुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचं माप) ८ च्या पुढे जातो. सामू एकाने वाढला, की विरघळलेलं फेरिक (गंजातल्यासारखं) लोह सुमारे हजारपटीने घटतं. 

मुळं गप्प बसत नाहीत. सोयाबीन, भुईमूग, द्राक्ष यांची मुळं आम्ल सोडतात आणि फेरिक लोहाचं सहज विरघळणारं फेरस करून आत घेतात. ऊस, ज्वारी ही गवतवर्गीय पिकं लोहाला पकडणारं द्रव्य मुळांतून सोडतात आणि लोहासकट परत शोषतात. पण रान सतत ओलं असलं की मुळांचा श्वास कोंडतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, चुनखडीतून बायकार्बोनेट वाढतं आणि मुळांनी सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. त्यामुळे पाटाचं पाणी जिथे तुंबतं, तिथे केवडा आधी दिसतो. वाफसा आला (जादा पाणी निचरून हवा खेळू लागली) की काही वेळा पीक आपोआप सुधारतं. खोडव्यात केवडा जास्त, कारण जुनी मुळं कुजलेली असतात आणि नवी अजून पसरलेली नसतात.

[दृश्य : ड्रममध्ये हिराकस विरघळतोय]

उपाय करण्याआधी खात्री करा. हिराकसाचं (फेरस सल्फेटचं) अर्धा टक्का द्रावण, म्हणजे १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम, एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागावर ब्रशने लावा. आठवड्याभरात तेवढाच भाग हिरवा झाला, तर कमतरता लोहाचीच आहे.

मग फवारणी. हिराकस ताजा, हिरवट घ्या. तपकिरी झालेला फेरिक झालेला असतो, त्यावर पैसे घालवू नका. विहिरीचं पाणी क्षारयुक्त असेल तर आधी १० लिटरला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड टाका, मगच हिराकस. नाहीतर द्रावण डोळ्यांदेखत तांबूस होतं आणि नोझल तुंबतं. ड्रम प्लास्टिकचा. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करा, भर उन्हात पान करपतं. नंतर फुटणाऱ्या पानांना आधीचं लोह पुरत नाही, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारा.

जमिनीतून नुसता हिराकस फेकला तर चुनखडी त्याला थोड्या दिवसांत न विरघळणारं करून बसवून टाकते. एकरी १० किलो हिराकस सुमारे १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओलसर ठेवून पाच-सात दिवस मुरवा, मग ओळीत मुळांजवळ द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट ही स्फुरदाची (फॉस्फरसची) खतं यात मिसळू नका. लोह आणि स्फुरद एकमेकांना बसवतात.

चिलेटेड लोह, म्हणजे एखाद्या द्रव्याने धरून ठेवलेलं लोह, घेणार असाल तर पिशवीवर त्या द्रव्याचं नाव वाचा. ईडीटीए चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए. महाग आहे, पण सामू ९ पर्यंत लोह सोडत नाही.