कपाळावरच्या आठ्या आणि मेंदूची सातवी नस

श्रोतेहो, काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका तपासणीसाठी माझ्याकडे आल्या होत्या. सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप ओघळले आणि आरशात पाहिले तेव्हा तोंड डावीकडे ओढलेले दिसले. ‘तोंडावरून वारं गेलं’ असे म्हणत घरच्यांनी गालाला कोमट तेल चोळले आणि त्यात अर्धा दिवस गेला. मी त्यांना एवढेच सांगितले, “बाई, भुवया वर करा, कपाळाला आठ्या पाडा.” डाव्या बाजूला ठळक आठ्या उमटल्या, उजवी बाजू मात्र इस्त्री केल्यासारखी सपाट राहिली. बिघाड मोठ्या मेंदूत नसून चेहऱ्याच्या नसेत असावा, हा अंदाज त्या सपाट कपाळाने दिला. तो कसा, हे आज मला उलगडून सांगायचे आहे.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. आपण रोजच्या बोलण्यात ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही वापरतो आणि संदेश वाहणाऱ्या चेतेलाही, त्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात पुष्कळ घोळ होतो. आज मी नस म्हणेन ती चेता, रक्त वाहणारी नव्हे. सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम वजनाच्या आपल्या मेंदूतून अशा नसांच्या 12 जोड्या थेट बाहेर पडतात. वासाची पहिली आणि दृष्टीची दुसरी जोडी सोडली, तर बाकीच्या जवळजवळ सगळ्या मस्तिष्कस्तंभाशी, म्हणजे मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या, बोटभर लांबीच्या देठाशी जोडलेल्या असतात. दहावी नस गळ्यातून, छातीतून थेट पोटापर्यंत पोहोचते; तिच्यावर स्वतंत्र व्याख्यान द्यावे लागेल. आज सातवी.

या नसेचे उगमकेंद्र मस्तिष्कस्तंभाच्या मधल्या, ‘सेतू’ नावाच्या भागात असते. तिथून निघून ती कानामागच्या हाडात शिरते आणि सुमारे 3 सेंटिमीटर लांबीच्या वळणदार बोगद्यातून प्रवास करते. हा बोगदा एका ठिकाणी 1 मिलिमीटरपेक्षाही अरुंद आहे. नसेला सूज आली, तर फुगायला जागा नसल्यामुळे ती हाडातच दाबली जाते. या वाटेवर तिच्या उपशाखा निघतात : एक मधल्या कानातल्या इवल्या स्नायूला जाऊन मोठा आवाज सौम्य करते, तर दुसरी जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेते. शिक्षिकाबाईंना भांड्यांचा आवाज उजव्या कानात कर्कश वाटत होता आणि आमटी बेचव लागत होती. घरच्यांना त्याचा तोंडाशी संबंध लागेना, पण नसेचा नकाशा माहीत असणाऱ्याला तो लगेच लागतो. हाडातून बाहेर पडल्यावर ही नस कानाखालच्या लाळग्रंथीत शिरते, तिथे फुटून कपाळ, डोळा, गाल, ओठ आणि मान यांच्याकडे जाते. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले शल्यचिकित्सक चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांविषयीचा निबंध मांडला. या आजाराला आज त्यांचेच नाव आहे.

आता आठ्यांकडे वळू. चेहऱ्याच्या खालच्या भागाला हुकूम येतो तो प्रामुख्याने विरुद्ध बाजूच्या मोठ्या मेंदूकडून, परंतु कपाळाच्या स्नायूंना दोन्ही बाजूंच्या मेंदूकडून हुकूम मिळतो. त्यामुळे पक्षाघातात मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटला, तर ओठ वाकडा होतो, पण कपाळ दुसऱ्या बाजूच्या आधारावर हलत राहते. नसच दबली असेल, तर हुकूम कुठूनही येवो, पोहोचवणारी वाटच बंद झालेली असते आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खी बाजू लुळी पडते.

मात्र ही खूण घरी वापरून निर्धास्त होऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सेतूतच रक्तपुरवठा तुटला, तर पक्षाघातातही कपाळ सपाट पडू शकते. तोंड अचानक वाकडे झाले की तेल, शेक, मालिश सगळे बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. नसेच्या आजारातही स्टेरॉइडच्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू झाल्या तर अधिक गुण येतो. डोळा मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडते, म्हणून दिवसा थेंब घालावे लागतात आणि रात्री पापणी पट्टीने बंद ठेवावी लागते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, शिक्षिकाबाईही झाल्या.

शेवटी, मला आजही थक्क करणारी एक गोष्ट सांगतो. मोठ्या मेंदूच्या पक्षाघाताने ओठ वाकडा झालेल्या एका आजोबांना मी “हसून दाखवा” म्हटले, तेव्हा त्यांना उजवा कोपरा हलवता आला नाही. तेवढ्यात त्यांची नात धावत खोलीत आली आणि आजोबा दोन्ही बाजूंनी सारखे हसले. ठरवून केलेल्या हसण्याचा हुकूम मेंदूच्या पृष्ठभागावरून निघतो, तर उमाळ्याने आलेल्या हसण्याची वाट मेंदूत वेगळीच असते. दोन्ही वाटा शेवटी त्याच सातव्या नसेच्या केंद्राशी येऊन मिळतात, आणि त्या आजोबांची फक्त पहिली वाट तुटली होती.