हिरवळीतली आंबुशी

पावसाळा ओसरू लागला की बंगल्यांपुढच्या आणि सोसायट्यांच्या हिरवळीत चिमुकली पिवळी फुले डोकावू लागतात. पाहणाऱ्याला ती शोभेची वाटतात; माळ्याला मात्र फुलामागून येणारी शेंग दिसत असते. हे तण म्हणजे आंबुशी, शास्त्रीय नावाने ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा.

तिच्या पानाला तीन दले असतात आणि प्रत्येक दल पत्त्यांतल्या बदामासारखे, टोकाला खाच असलेले असते. हिरवळीत वाढणारी रानमेथीही तीन दलांचीच असल्याने गल्लत होते. पण रानमेथीचे फूल जांभळट गुलाबी, तर आंबुशीचे पाच पाकळ्यांचे आणि पिवळे. शिवाय अंधार पडला की आंबुशीची दले छत्रीसारखी खाली मिटतात. चव आंबट लागते, पण औषध फवारलेल्या हिरवळीत ही परीक्षा करू नये.

यंत्राने गवत कापून आंबुशी जात नाही, कारण तिची खोडे जमिनीलगत सरपटतात आणि पेऱ्यापेऱ्यावर मुळे धरतात. उलट गवत फार खुरटे कापले तर मातीवर ऊन पडते आणि उजेडावर रुजणाऱ्या तिच्या बियांचे फावते. खरी अडचण शेंगेची आहे. मेणबत्तीसारखी उभी राहणारी ही शेंग पिकली की बोटाचा नुसता स्पर्श होताच फुटते आणि बारीक, खरबरीत बिया तडतडत दूर उडतात. त्या कपड्यांना आणि अवजारांनाही चिकटतात.

म्हणून खुरपणी शेंगा हिरव्या असतानाच करावी. माती ओली असताना खुरपे मुख्य मुळाखाली घालून, सरपटणारे खोड जिथवर गेले असेल तिथवर हलक्या हाताने सोडवत न्यावे. मध्येच तुटलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. शेंगा असलेली रोपे खतखड्ड्यात टाकू नयेत.

हिरवळ फारच भरली असेल, तर रुंद पानांच्या तणांसाठीचे २,४-डी हे तणनाशक वापरले जाते, पण जुन्या आंबुशीवर एका फवारणीत भागत नाही. वाऱ्यावर उडालेला त्याचा अंश द्राक्ष, कापूस आणि टोमॅटोला फार बाधतो, त्यामुळे शेजारी मळा असेल तर खुरपेच बरे.

एवढे करूनही ती परत येते, आणि बहुधा रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीतून येते. नवी कुंडी हिरवळीजवळ ठेवण्यापूर्वी तिच्या वरच्या थरातली बोटभर माती काढून टाकावी.