एका नावाचे अनेक धनी : वेलिंग्टन, हेस्टिंग्ज आणि आपण

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

न्यूझीलंडच्या ज्या वेलिंग्टन शहरात आज आपण जमलो आहोत त्याचे नाव त्याचे एकट्याचे नाही. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यात वेलिंग्टन नावाचे एक जुने गाव आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये एक वेलिंग्टन आहे, दक्षिण आफ्रिकेत केपच्या द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात आणखी एक आहे, आणि आपल्या निलगिरीत कुन्नूरजवळ जेथे सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांचे स्टाफ कॉलेज आहे ती छावणीही वेलिंग्टनच. टास्मानियात होबार्टच्या डोक्यावर उभा असलेला पर्वत हेच नाव वागवतो. २०१३ पासून त्याला तेथील मूळ रहिवाशांचे कुनान्यी हे नावही अधिकृतपणे जोडले गेले आहे. यांपैकी सॉमरसेटचे गाव सोडले तर बाकी सर्वांची नावे एकाच माणसावरून आली, आणि त्या माणसाला हे नाव मिळण्यापूर्वीची त्याची महत्त्वाची वर्षे महाराष्ट्राच्या भूमीवर गेली. हा दुवा आपल्या घरांतून फारसा सांगितला जात नाही, म्हणून आजचा विषय मी निवडला.

आर्थर वेलस्ली यांना १८०९ साली स्पेनमधील तालाव्हेराच्या लढाईनंतर सरदारकी मिळाली. ते स्वतः रणांगणावर असल्यामुळे पदवीसाठी नाव निवडण्याचे काम त्यांचे बंधू विल्यम यांच्याकडे आले, आणि वेलस्ली या आडनावाशी जुळणारे म्हणून त्यांनी सॉमरसेटमधील त्या गावाचे नाव निवडले. पुढे १८१४ मध्ये ते ड्यूक झाले, १८१५ मध्ये वॉटर्लू झाले, आणि त्यानंतर ब्रिटिश वसाहतींत जेथे जेथे नव्या वस्त्या उभ्या राहिल्या तेथे तेथे हे नाव पोचले. मराठी इतिहासग्रंथांत मात्र ते येतात ते मेजर जनरल वेलस्ली म्हणून, कारण १८०३ साली वेलिंग्टन नावाचा सरदार अस्तित्वातच नव्हता. त्यातच त्यांचे थोरले बंधू रिचर्ड वेलस्ली त्याच काळात गव्हर्नर जनरल होते, त्यामुळे नुसते वेलस्ली म्हटले की तैनाती फौजेचा पुरस्कर्ता कोणता आणि रणांगणावरचा सेनापती कोणता, याचा अनेकांचा घोटाळा होतो. शाळेत दुसरे इंग्रज-मराठा युद्ध शिकलेला माणूस या शहरात वर्षानुवर्षे राहतो आणि आपण शिकलेला तो वेलस्ली हाच, हे त्याच्या लक्षात येत नाही.

म्हणून १८०३ या वर्षाविषयी थोडे विस्ताराने बोलतो. १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह करून त्यांची तैनाती फौज स्वीकारली. हा तह दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना मान्य होणे शक्यच नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्ली यांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि २३ सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या परिसरात, असई या लहानशा गावापाशी दोन्ही सैन्ये भिडली. नदीला पलीकडे जाण्याजोगा उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले असताना समोरासमोरच्या काठांवर दोन गावे वसलेली वेलस्ली यांना दिसली, आणि अशा दोन गावांत ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणारच, असा तर्क करून त्यांनी फौज पलीकडे नेली. शिंद्यांचा कवायती तोफखाना विलक्षण निर्धाराने लढला. विजय मिळवूनही ईस्ट इंडिया कंपनीच्या लहानशा फौजेतील दीड हजारांहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि त्याच महिन्यात भोसल्यांशी देवगावचा व शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह, असा तो क्रम आहे. वॉटर्लूचे विजेते म्हणून जगाने ज्यांना ओळखले त्यांना उतारवयात आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारले असता त्यांनी असईचे नाव घेतल्याचे नमूद आहे. असईच्या तोफखान्यावरील गोलंदाजांविषयी मला जो आदर वाटतो, त्याला या उत्तराने पुष्टीच मिळते.

ड्यूक स्वतः या बेटांवर कधीही आले नाहीत. वसाहत उभारणाऱ्या न्यूझीलंड कंपनीच्या योजनांना त्यांच्या पाठिंब्याचा उपयोग झाला होता, त्या कृतज्ञतेपोटी १८४० मध्ये हे नाव दिले गेले. या बंदराला त्याआधी कितीतरी काळापासून ‘ते व्हांगानुई-आ-तारा’, म्हणजे ताराचे विशाल बंदर, हे नाव होते आणि आजही आहे. ज्यांची ही भूमी, त्या माओरी लोकांचे ते नाव आपण प्रत्येकाने नीट उच्चारायला शिकावे असे मला मनापासून वाटते.

येथून काही तासांच्या अंतरावर हॉक्स बे प्रांतात गेलात तर नेपियर, हेस्टिंग्ज, क्लाइव्ह आणि हॅवलॉक नॉर्थ ही गावे शेजारी शेजारी भेटतात, आणि हिंदुस्थानातील इंग्रजी अंमलाचा पटच समोर आल्यासारखे वाटते. यांपैकी हेस्टिंग्जपाशी मराठी माणसाने जरा थांबावे. हे नाव वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावरून आले. इंग्लंडच्या ज्या किनाऱ्यावरील गावाजवळ १०६६ ची प्रसिद्ध लढाई झाली त्या हेस्टिंग्जवरून नव्हे. वॉरन हेस्टिंग्ज म्हणजे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचे गव्हर्नर जनरल. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडीत सापडली आणि तिच्या अधिकाऱ्यांना करार करावा लागला. तो करार हेस्टिंग्ज यांनी धुडकावला, परंतु शेवटी १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह त्यांना करावाच लागला. पेशवाई बुडाली ती मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज या वेगळ्याच गव्हर्नर जनरलच्या कारकिर्दीत. त्यांचे जन्मनाव फ्रान्सिस रॉडन. हेस्टिंग्ज हे नाव मातुल घराण्याकडून त्यांनी पुढे जोडून घेतले. एका हेस्टिंग्जच्या काळात मराठ्यांनी इंग्रजांना बरोबरीच्या नात्याने तहास आणले आणि दुसऱ्याच्या काळात, १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. या दोघांना एक समजणे म्हणजे मधली पस्तीस वर्षे, महादजी आणि नाना फडणवीस यांच्यासकट, पुसून टाकणे होय.

नेपियरविषयी एवढेच सांगतो की ते शहर सिंध जिंकणाऱ्या चार्ल्स नेपियर यांच्या नावाचे आहे, आणि त्रिवेंद्रमचे नेपियर संग्रहालय मद्रासच्या एका गव्हर्नराच्या, म्हणजे निराळ्याच नेपियरच्या नावाचे आहे. सांगलीकडच्या मंडळींसाठी आणखी एक खुलासा करतो. तेथील विलिंग्डन महाविद्यालयाचा या वेलिंग्टनशी काहीही संबंध नाही. १९१३ ते १९१८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड विलिंग्डन यांचे ते नाव आहे, आणि त्यांची पदवी ससेक्समधील विलिंग्डन या गावावरून आलेली आहे.

आता आपल्याच शहरातील एक उपनगर, जे उलट वाटेने आले. खंडाला हे नाव भारतातून परतलेल्या एका ब्रिटिश कप्तानाने १८८४ मध्ये येथे बांधलेल्या घरावरून पडले, आणि ते बोरघाटाच्या माथ्यावरील आपल्या खंडाळ्याचे आहे. त्या उपनगरात गंगा, सिमला, आग्रा, दिल्ली आणि काश्मीर यांच्या नावांचे रस्ते आहेत. आपल्या मंडळातील कितीतरी कुटुंबे त्या रस्त्यांवरून रोज मुलांना शाळेत सोडतात. त्या मुलांना सह्याद्रीतला मूळ खंडाळा नकाशावर दाखवायला पाच मिनिटे पुरतात, आणि ती पाच मिनिटे प्रत्येक पालकाने द्यावीत.

कार्यकारिणीपुढे माझा एक निश्चित प्रस्ताव आहे. आपल्या मराठी शाळेच्या मोठ्या वर्गासाठी एक नकाशा तयार करावा. त्यात असई, अडगाव, गाविलगड, वडगाव आणि खंडाळा ही ठिकाणे एका बाजूला असावीत; दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडमधील वेलिंग्टन, हेस्टिंग्ज, नेपियर आणि खंडाला असावीत, आणि प्रत्येक ठिकाणाचे माओरी नावही त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलेले असावे. माओरी नावांच्या उच्चारांसाठी त्या भाषेच्या जाणकार शिक्षकांना आपण रीतसर निमंत्रण द्यावे. नकाशाचा मजकूर लिहिण्याची जबाबदारी मी घेतो. रेखाटन आणि छपाई यांसाठी ज्यांना मदत करायची असेल त्यांनी भोजनापूर्वी चिटणीसांकडे आपली नावे द्यावीत. येत्या २३ सप्टेंबरपर्यंत तो वर्गाच्या भिंतीवर लागावा अशी माझी विनंती आहे.