आधी मुलाची पट्टी शोधू या

(मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा!

शनिवारच्या मराठी शाळेत आपण लहान मुलांसाठी गाण्याचा वर्ग सुरू केला, त्याबद्दल बोलायला कार्यकारिणीने मला पाच मिनिटं दिली आहेत. म्हणून थेट वर्गातल्या एका मुलाबद्दलच सांगतो.

सात वर्षांचा मुलगा. तीन शनिवार आईला चिकटून बसला, तोंड उघडलं नाही. आई म्हणाली, "काका, ह्याला गळाच नाही हो." मी स्वतः काळी एकमध्ये गातो, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा माझा सा, आणि वर्गही त्याच पट्टीत, म्हणजे त्याच सा वर, चालला होता. चौथ्या शनिवारी पेटीवर काळी पाचचा, म्हणजे बराच वरचा, सा धरला, भाता सावकाश हलवत ठेवला आणि सगळ्यांना नुसतं 'आ' म्हणायला सांगितलं. दोन-तीन श्वासांनंतर त्या घोळक्यातून एक नवा आवाज आला. बारीक, पण सुराला धरून. आईने मान वर केली. गळा होताच. माझ्या खर्जापर्यंत उतरताना तो बिचारा घोगरा व्हायचा आणि लाजून गप्प बसायचा, इतकंच.

हे मला लवकर कळायला हवं होतं, कारण माझ्याही बाबतीत हेच घडलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मला मागच्या रांगेत उभं करून "तू नुसते ओठ हलव" असं सांगितलं गेलं. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी गायलो नाही. पुढे गावाकडच्या भजनात एका बुवांनी टाळ हातात देता देता सहज विचारलं, "तुझी पट्टी कुठली रे?" असा प्रश्न असतो, हेच मला माहीत नव्हतं.

आता वर्गात आम्ही भूप रागापासून सुरुवात करतो. पाचच सूर, म आणि नी नाहीत, कोमल सुरांचा घोळ नाही. जमिनीवर चिकटपट्टीने चौकोन आखले आहेत. सारेग, रेगप, गपध, पधसां असं म्हणत मुलं उड्या मारतात. ग आणि प यांच्यात मुद्दाम जास्त अंतर ठेवलंय, कारण मधला म वगळायचा असतो. ती मोठी उडी पायाला कळली की गळ्यालाही कळते, हे मी दर शनिवारी बघतो.

"परीक्षेला कधी बसवायचं?" असं बरेच पालक विचारतात. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं सर्वसामान्यांच्या घरांपर्यंत पोहोचवलं. त्याच परंपरेतल्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षा चांगल्याच आहेत, मुलं जरूर देतील. पण पहिल्या वर्षी नको. गणपतीत स्टेजवर एकट्याने गाणंही पहिल्या वर्षी नको. चौघं-पाचजणं मिळून गाऊ देत.

आणि आईबाबांना, आजीआजोबांना हात जोडून एक विनंती. मूल गात असताना मधेच "सूर चुकला" म्हणू नका. पूर्ण गाऊ द्या, मग पेटीवर तोच सूर परत धरा, ते स्वतःच शोधतं. मोबाइल खिशात ठेवा आणि शेजारी बसून तुम्हीही गा. आपलं मराठी इथे घरात जेवढं कानावर पडतं तेवढंच मुलांच्या तोंडात येतं. गाण्याचंही तसंच आहे.

वर्ग शनिवारी सकाळी, मराठी शाळा सुटल्यावर. पेटी विकत घ्यायची घाई करू नका, वर्गात दोन आहेत.

आता मुलं वर येताहेत. या रे, पुढे या! तीनतालाचा ठेका सुरू झाला की तुम्हीही हात द्यायचा. सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नवव्याला खाली, तिथे टाळी नाही, तळवा नुसता बाजूला उघडायचा. मागच्या रांगेतल्या काकांनी, काकूंनीसुद्धा. पेटी काळी पाचला लावली आहे. चला, समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून.