शूटिंग क्लबचं सभासदत्व घेताना

नमस्कार मंडळी. क्लबमध्ये चौकशीला येणारा माणूस आधी विचारतो, 'तुमच्याकडे रायफली कुठल्या आहेत?' आणि मग विचारतो फी. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तुम्हाला प्रत्यक्षात लेन, म्हणजे रेंजवर उभं राहून नेम धरायची जागा, किती तास मिळणार, यावर सभासदत्वाचं मोल ठरतं, आणि तो प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आज मी १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल यांच्यापुरतंच बोलणार आहे. नवा नेमबाज बहुधा तिथूनच सुरुवात करतो.

हिशेब मांडू या. समजा ८ लेन आहेत. पाच दिवस संध्याकाळी ३ तास आणि शनिवार-रविवारी ५-५ तास रेंज उघडी असते. म्हणजे आठवड्याला २५ तास, आणि ८ लेनचे मिळून २०० लेन-तास. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि साईटिंगची, म्हणजे गुण न धरता नेम जुळवून घ्यायची. तेवढाच सराव धरला तरी एका सेशनला दीड तास हवा. आठवड्यातून तीनदा येणाऱ्याला साडेचार तास लागतात. असे जेमतेम ४४ नेमबाज या रेंजवर मावतात, तेही एक मिनिट वाया गेलं नाही तर. क्लबने १२० सभासद केले असतील तर माणशी १ तास ४० मिनिटं येतात, आणि त्यातही सगळ्यांना हवी असते संध्याकाळची सातची वेळ. म्हणून सक्रिय सभासद किती, बुकिंग किती दिवस आधी उघडतं आणि लेन बुक करून न येणाऱ्याचं काय करता, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला ठाम उत्तर मिळालं तर क्लब नीट चालतोय असं समजायला हरकत नाही.

आता रेंज बघू. लेनची रुंदी किमान १ मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) आणि रेंजवर सर्वसाधारण ३०० लक्स उजेड हवा. काही क्लब टार्गेटवरच्या दिव्यांची काळजी घेतात, पण नेमबाज उभा राहतो तिथे अंधार ठेवतात. त्या अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि समोरची साईट (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) धूसर दिसू लागते. रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे एवढा फरकही महागात पडतो.

टार्गेटच्या मागचा छर्रे अडवणारा सापळा स्वतः जवळ जाऊन बघा, अर्थात रेंज बंद असताना आणि रेंज ऑफिसरला, म्हणजे रेंजवर देखरेख करणाऱ्याला, विचारून. रायफलीचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने येतो. आतला पत्रा तिरका असेल तर छर्रा चपटा होऊन खाली पेटीत पडतो. पत्र्याला पोचा पडला किंवा पेटी वेळेवर रिकामी केली नाही, की शिशाचे तुकडे बाहेर उडतात. टार्गेटच्या पुढ्यातल्या जमिनीवर चंदेरी, पातळ कपच्या दिसल्या तर समजायचं, सापळ्याची देखभाल होत नाही.

शिसं विषारी आहे, आणि लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. रेंज कोरड्या झाडूने झाडली की शिशाची धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. ओल्या पोछ्याने पुसायला हवं, किंवा हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम क्लीनर वापरायला हवा. फायरिंग लाइनवर खाणंपिणं नाही, छर्रे ओठांत धरणं नाही, आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. हात धुवायला बेसिन रेंजच्या दाराशीच हवं. लांब असलं की कुणी जात नाही.

हवा भरण्याची सोय हा क्लबचा खरा कस. या हत्यारांत छर्रा दाबलेल्या हवेवर सुटतो आणि ती हवा हत्यारावरच्या छोट्या सिलिंडरमध्ये भरलेली असते. स्पर्धेच्या बहुतेक रायफल-पिस्तुलांचा सिलिंडर २०० बारचा (बार म्हणजे दाबाचं एकक) असतो. आधी तो हवेच्या मोठ्या टाकीच्या ॲडॅप्टरवर घट्ट बसवायचा आणि हवा सोडण्याचा स्क्रू बंद आहे ना ते बघायचं. मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा, प्रेशरचा काटा सावकाश चढला पाहिजे. घाईने भरलं की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर प्रेशर उतरलेलं असतं. भरून झालं की टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, स्क्रूने ॲडॅप्टरमधली अडकलेली हवा सोडायची आणि मगच सिलिंडर काढायचा. ही शेवटची पायरी विसरली की सिलिंडर फिरत नाही, मग कुणीतरी पान्याने जोर लावतो आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) जाते. भरायची हवा कोरडी आणि फिल्टर केलेली हवी, दमट हवेने आतून गंज धरतो. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, ग्रीसशी संपर्क आला तर स्फोट होतो. सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर तो वापरातून बाद. क्लबच्या सिलिंडरांची यादी तारखांसकट भिंतीवर लावलेली असावी, असं माझं आग्रहाचं मत आहे.

क्लबची हत्यारं बघताना ब्रँडपेक्षा माप बघा. रायफलचा बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गालाला टेकणारा भाग) तुमच्या मापाला जुळवता येतो का? डावखुऱ्यांसाठी काही आहे का? पिस्तुलाची ग्रिप हाताला सैल असेल तर प्रत्येक शॉटला मनगट वेगळं बसतं, आणि मग नवखा माणूस उगाच ट्रिगरला दोष देत राहतो. स्वतःचं पिस्तूल घेण्याआधी स्वतःच्या मापाची ग्रिप घ्या, ती क्लबच्या पिस्तुलाला बसेल का ते विचारून. लॉकर आणि बसायची खोली या गोष्टी नंतर बघितल्या तरी चालतात.

सभासदत्व बहुधा टप्प्याने मिळतं: आधी सुरक्षेचा वर्ग, मग देखरेखीखालचा काही काळ, मग परीक्षा आणि पूर्ण सभासदत्व. परीक्षेत गुण किती पडले हे बघत नाहीत. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे असतं का, 'स्टॉप' ऐकताच बोट ट्रिगरवरून निघतं का, हत्यार खाली ठेवण्याआधी नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) जातो का, हे बघतात. एअर गनचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीचा हवा. दोन्ही टोकांना दिसला तरच नळीत छर्रा नाही याची खात्री होते. कुणी टार्गेटकडे गेलं असताना हत्याराला हात लावायचा नाही, रिकाम्यालासुद्धा नाही.

फी भरण्याआधी नियमावली मागून घ्या. छर्रे आणि टार्गेट फीमध्ये धरले आहेत का, आजारपणात किंवा शाळा-कॉलेजच्या परीक्षेच्या काळात सभासदत्व थांबवता येतं का, स्वतःचं हत्यार क्लबमध्ये ठेवायचं तर किल्ली कुणाकडे राहते आणि नोंदवही कोण लिहितो, हे त्यात असायला हवं. रेंज ऑफिसर किती आहेत तेही विचारा. एकच असेल तर तो रजेवर गेला की ८ लेन बंद राहतात, आणि मघाशी मांडलेला २०० तासांचा हिशेब कोसळतो. त्यामुळे बरेच क्लब जुन्या सभासदांना रेंज ऑफिसरचं प्रशिक्षण देतात आणि महिन्यातून एखादी पाळी लावतात. तुमच्या क्लबमध्ये तशी पाळी असेल तर पहिल्याच वर्षी नाव द्या.